बसऱ्याला गेलेल्या माणसाचा पत्ता

आमच्या घरात पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव कुणी घेत नसे, कारण ते कुणाला आठवतच नव्हतं. 'बसऱ्याला गेला तो' एवढीच त्याची ओळख. सर्वपित्रीला त्याच्यासाठी एक पान वाढायचं, तेही बिननावाचं, की विषय संपला. आज त्याचं नाव, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि त्याचं नाव कुठल्या स्मारकाच्या यादीत आहे, हे सगळं एका साध्या प्लॅस्टिकच्या फाइलीत माझ्या कपाटात आहे. यातलं काहीही मिळवायला मला परदेशी जावं लागलं नाही. वेळ मात्र फार गेला, आणि त्यातला निम्मा चुकीच्या जागी शोधण्यात गेला. महायुद्धात गेलेला आपल्या घरचा माणूस तुम्हीही शोधत असाल, तर तुमचा तेवढा वाचावा म्हणून हे लिहितोय.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून जास्त माणसं समुद्रापार लढायला आणि राबायला गेली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांपर्यंत वाढलं. रत्नागिरी, कुलाबा (आजचं रायगड), सातारा, पुणे, नगर, कोल्हापूर या पट्ट्यात क्वचितच एखादं जुनं गाव असेल जिथून कुणीच गेलं नाही. तरीही घरोघरी उरतं ते एखादं पदक आणि एखादा शब्द. बसरा, इटली, ब्रह्मदेश.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सुरुवातीला मी 'बसऱ्याची लढाई' शोधत बसलो आणि सहा महिने घालवले. पलटणीचा नंबर हाती लागला आणि उरलेलं पंधरा दिवसांत जुळलं. पलटण कळेपर्यंत बाकी कशाच्याही मागे लागू नका.

आधी ट्रंक

इंटरनेट उघडण्याआधी घरातली लोखंडी ट्रंक उघडा. पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद, मनिऑर्डरच्या पावत्या, युनिफॉर्ममधला फोटो, पितळी बटणं, टोपीचा बिल्ला, यातलं काहीही असो. फोटो असेल तर मागची बाजू पाहा, स्टुडिओचा शिक्का असतो. बेळगावचा शिक्का निघाला तर मराठा पलटणीची शक्यता बरीच वाढते. खांद्यावरच्या पट्टीवरची पितळी अक्षरं भिंगाने वाचा. डिस्चार्जचा कागद मिळाला तर तुम्ही नशीबवान. त्यावर नंबर, हुद्दा, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, भरतीची तारीख आणि नाव कमी होण्याचं कारण असं सगळं एकाच पानावर सापडतं.

मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. इथे प्रश्न कसा विचारता यावर बरंच अवलंबून आहे. 'आजोबा कुठल्या रेजिमेंटमध्ये होते?' असं विचारलंत तर 'मिलिटरीत होते बाबा' यापलीकडे उत्तर येणार नाही. त्यापेक्षा विचारा, ते काय काय गोष्टी सांगायचे? काय खायला मिळायचं म्हणायचे? कुठल्या गावाचं नाव सारखं घ्यायचे? आमच्या शेजारच्या आजी सासऱ्यांबद्दल म्हणाल्या, 'ते सांगायचे, तिकडे डोंगरावर पाणी नव्हतं, केरणला.' त्यांना केरण हे माणसाचं नाव वाटत होतं. केरण हे इरिट्रियातलं डोंगरी ठाणं. १९४१च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे मराठा पलटणी इटालियन फौजेशी लढल्या. एका शब्दाने सासऱ्यांचं अख्खं १९४१ साल उलगडलं. म्हणून शब्द ऐकू येईल तसाच लिहून घ्या, आपल्या अकलेने सुधारू नका. फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंत तर आणखी बरं.

पदकाची कड

पदक असेल तर राजाच्या चेहऱ्याकडे पाहू नका, कड पाहा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. त्याच युद्धातल्या ताऱ्याच्या पदकावर हीच माहिती मागच्या बाजूला असते. आमच्याकडचं पदक दिवाळीच्या दिवाळीला राख-चिंच लावून घासलेलं. भांड्यांबरोबर तेही निघायचं. अक्षरं इतकी झिजलेली की सरळ उजेडात काहीच दिसेना. शेवटी रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च कडेला अगदी आडवा धरला आणि पदक बोटाने हळूहळू फिरवत गेलो. आधी आकडे उमटले, मग 'सेप.' म्हणजे सिपॉय, मग नाव, शेवटी '११० महरट्टा'. इंग्रजांच्या लिहिण्यात मराठा हा 'महरट्टा'च असायचा, शोधतानाही तेच स्पेलिंग वापरायचं. आत्याने ते नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही मात्र राख, चिंच, लिंबू काही लावू नका. कोरडा मऊ ब्रश पुरे.

कुठली पदकं आहेत यावरूनही बरंच कळतं. पहिल्या युद्धाच्या जोडीतलं एक चांदीचं आणि दुसरं ब्राँझचं, इंद्रधनुषी फितीचं. चांदीचं बहुतेक घरांत नसतं, कारण ते कुठल्या तरी दुष्काळात किंवा लग्नात सोनाराकडे गेलेलं असतं. आमचंही गेलं. त्यामुळे एकच पदक सापडलं म्हणजे दुसरं मिळालंच नव्हतं असं समजू नका. पण चांदीचं असायला हवं ते पदकच ब्राँझचं निघालं, तर आपला माणूस बहुधा लेबर कोअरसारख्या बिनलढाऊ पथकात होता. तारा असेल तर तो १९१५ संपायच्या आत रणभूमीवर पोचलेला होता. बशीएवढी, साधारण १२ सेंटीमीटरची ब्राँझची चकती निघाली तर ती मेलेल्या सैनिकाच्या घरच्यांना पाठवलेली. तिच्यावर फक्त नाव असतं, नंबर नाही आणि हुद्दाही नाही.

दुसऱ्या महायुद्धाची पदकं इंग्रज शिपायांना कोरीच दिली गेली. हिंदी सैनिकांना मिळालेल्यांवर मात्र बहुधा नाव कोरलेलं असतं, ताऱ्यांवर मागे आणि गोल पदकांवर कडेला. तारा इटलीचा, आफ्रिकेचा की ब्रह्मदेशाचा, एवढ्यावरूनच शोधाची दिशा ठरते. 'इंडिया सर्व्हिस मेडल' असेल तर माणसाने बराच काळ इथेच, देशात, नोकरी केली. त्यात कमीपणा काही नाही. पण त्याला ब्रह्मदेशात शोधत बसू नका.

आकड्यांचा घोळ

आता पलटणीचे आकडे. इथे बहुतेकजण अडकतात.

पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२मध्ये सगळ्या फौजेची फेरमांडणी झाली आणि या सहांची मिळून '५वी महरट्टा लाइट इन्फंट्री' ही एक रेजिमेंट केली. तिचं केंद्र बेळगाव. १०३ची झाली पहिली पलटण, १०५ची दुसरी, ११०ची तिसरी, ११६ची चौथी, ११७ची पाचवी. ११४ची झाली दहावी, आणि तिच्याकडे भरती झालेल्यांना शिकवायचं काम आलं. पहिलीला जुने लोक 'जंगी पलटण' म्हणतात, दुसरीला 'काली पाचवी'. आज्जी 'काळी पाचवी' म्हणाली म्हणून पाचव्या पलटणीत शोधू नका, ती दुसरी!

दुसऱ्या महायुद्धाच्या कागदांवर '३/५ महरट्टा' असं दिसेल. ते 'पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण' असं वाचायचं. हे तीन-पंचमांश नव्हे आणि तारीखही नव्हे. एका गृहस्थांनी मला ठामपणे सांगितलं होतं की त्यांचे आजोबा ३ मे रोजी भरती झाले.

शिपायाच्या नंबरबद्दलही एक सावधगिरी. पहिल्या युद्धात प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे चालायचे. म्हणजे तोच नंबर १०५मध्येही सापडेल आणि ११४मध्येही. नंबर, नाव आणि पलटण ही तिन्ही जुळली तरच माणूस आपला. त्यातही युद्धात एका पलटणीची माणसं दुसरीत पाठवली जात, त्यामुळे पदकावर एक आणि मृत्यूच्या नोंदीत दुसरी पलटण दिसली तर लगेच निराश होऊ नका.

आणि घर मराठ्यांचं नसेल तर? इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कंपनी सरकारच्या पलटणींत नोकरी केली होती त्यांनाच दार लावून घेतलं. मग १९१७मध्ये माणसं कमी पडायला लागली तेव्हा '१११ महार' ही पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात उभी राहिली. तेव्हा महार घरातल्या पहिल्या युद्धाच्या सैनिकाला आधी १११मध्ये शोधा, मग लेबर कोअर आणि खेचरांच्या तुकड्यांत. दख्खनी मुसलमान मराठा पलटणींतही होते. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पथकात, निरनिराळ्या जातींची कारागीर मंडळी होती. आणि कोकणातल्या घरी 'पलटणीत' ऐवजी 'बोटीवर' असा शब्द चालत असेल तर हा सगळा भाग सोडून द्या. युद्धात बुडालेल्या खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे.

तो परत आला नसेल तर

वाचायला विचित्र वाटेल, पण मेलेला माणूस शोधायला सोपा आणि जिवंत परतलेला अवघड. मेलेल्यांची यादी एका संस्थेने शंभर वर्षं सांभाळली आहे. ती म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, १९१७मध्ये स्थापन झालेलं. त्यांच्या संकेतस्थळावर शोधायला पैसे पडत नाहीत. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात नोकरीत असताना मेलेला प्रत्येकजण त्यांच्या हिशेबात येतो. गोळी लागून मेला की तापाने, याने फरक पडत नाही.

आधी सरावासाठी एक माहितीतलं नाव शोधा: नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. ३/५ महरट्टामधले. १० जुलै १९४४ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, तिथेच मारले गेले, आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव कसिनोच्या स्मारकावर आहे, कारण त्यांना कबर नाही की चिता नाही. त्यांची नोंद उघडून कुठल्या रकान्यात काय लिहिलंय ते नीट पाहून घ्या. पहिल्या नावातला 'य'नंतरचा स्वर 'ई'ने लिहिलाय हेही पाहा. आता तुम्हाला कळेल की आपल्या माणसाचं नाव आपण लिहितो तसं तिथे सापडेल याची काहीच खात्री नाही.

भरतीच्या वेळी शिपायाने तोंडी सांगितलं आणि कारकुनाने कानाला लागलं तसं इंग्रजीत उतरवलं. पवार 'पोवार' झाला. जाधवच्या शेवटी 'व्ही'ऐवजी 'ओ' आला. सावंत कधी 'डब्ल्यू'ने, कधी 'व्ही'ने. गायकवाडच्या शेवटी 'आर'. चव्हाणातला 'ह' गळून गेला. पहिलं नाव तर घरातलंच, गणू, धोंडू, बाळा, रामा. कागदोपत्री रामचंद्र असलेला माणूस पलटणीत रामा होता. कधीकधी आडनावच नसतं. म्हणून नुसत्या नावाने शोधू नका. सविस्तर शोधाच्या पानावर युद्ध निवडा, 'इंडियन आर्मी' निवडा, रेजिमेंटचं नाव टाका, आणि 'अधिक माहिती'च्या रकान्यात तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं नाव टाका. हिंदी शिपायांच्या नोंदीत 'अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, अमुक तालुका, रत्नागिरी, बॉम्बे' अशी ओळ बऱ्याचदा असते. आलेली यादी उतरवून घेता येते. चहाचा कप घेऊन ती ओळीने वाचा, मोठ्याने. डोळ्यांना जे सापडत नाही ते कानांना सापडतं. आमच्या गावाचं नाव त्या यादीत असं काही लिहिलं होतं की मी तीनदा ओलांडून पुढे गेलो होतो. मोठ्याने वाचलं तेव्हा आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, 'अरे, हे आपलंच!'

जिल्हे जुने धरा. सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीतच होता. रायगडाला तेव्हा कुलाबा म्हणत. सावंतवाडी आणि कोल्हापूर ही संस्थानं होती. खेड नावाचा तालुका रत्नागिरीतही आहे आणि पुण्यातही, तेव्हा तिथे घाई करू नका.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्या बहुतेकांची नावं बसरा स्मारकाशी जोडलेली दिसतील. ज्यांची कबर माहीत नाही अशा ४० हजारांहून जास्त लोकांचं ते स्मारक. इथे एक बोचणारी गोष्ट आहे, ती आधीच माहीत असलेली बरी. त्या दगडी पट्ट्यांवर इंग्रज शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचा फक्त आकडा कोरला. अमुक पलटणीचे इतके इतर शिपाई. नावं वेगळ्या वहीत. २०२१मध्ये कमिशननेच स्वतःच्या या वागणुकीवर अहवाल काढला आणि माफी मागितली. ठीक आहे. स्मारकाचे फोटो मागवून त्यात आपलं नाव शोधत बसू नका, एवढंच माझं म्हणणं. स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७मध्ये ते बसऱ्याच्या गोदीतून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर लांब नेलं.

दुसऱ्या युद्धातल्या हिंदू आणि शीख सैनिकांना रणभूमीजवळच अग्नी दिला जायचा. त्यामुळे कबरीऐवजी 'क्रिमेशन मेमोरियल' असा शब्द शोधा. केरणला आहे, इटलीत फोर्ली आणि सांग्रो नदीकाठी आहे, इंफाळला आहे, रंगूनजवळ तौक्यानला आहे. इंफाळचं तर आपल्याच देशात. विमानाने जाऊन या. मार्च १९४४मध्ये सांगशाकला जपान्यांना अडवून धरणाऱ्यांत ४/५ महरट्टा होती.

परत आला असेल तर

साध्या शिपायाची सेवापत्रिका म्हणजे 'शीट रोल'. ती लंडनला नसते, रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. इंग्रजीतले मार्गदर्शक लेख वाचून लोक ब्रिटनला अर्ज धाडतात. ते लेख ब्रिटिश आर्मीच्या गोऱ्या शिपायांसाठी लिहिलेले असतात. त्यात लिहिलेलं असतं की पहिल्या युद्धातले बहुतेक सेवा-कागद १९४०च्या बाँबहल्ल्यात जळाले. ते खरं आहे, पण ते त्यांचे कागद. आपल्या माणसाचा त्या आगीशी काही संबंध नाही. मीही या गैरसमजात एका खाजगी संकेतस्थळाला पैसे भरले. त्यांनी पाठवलेल्या उत्तरात भलत्याच माणसाची माहिती होती, तोही घोडदळातला.

मराठा पलटणीसाठी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला टपालाने पत्र लिहा. नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, भरतीचं अंदाजे साल, तुमचं नातं आणि त्याचा पुरावा. पत्र एक पान, जास्त नाही. आजोबांच्या शौर्याची गोष्ट त्यात घालू नका, कारकुनाला नंबर हवा असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या माणसाचं काही ना काही मिळायची शक्यता बरी. पहिल्याच्या बाबतीत आशा बेताची ठेवा. पंजाबात पहिल्या युद्धातल्या सैनिकांच्या गाववार वह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि आता त्यातल्या बऱ्याच संगणकावर आल्या आहेत. त्या बातम्या वाचून आपल्याकडचे लोक हुरळतात. त्या वह्या पंजाबच्या आहेत. त्यात रत्नागिरी नाही.

दुसरा दरवाजा म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या सैनिकांना पेन्शन नव्हतं त्यांना आणि त्यांच्या विधवांना शासनाचं मानधन मिळतं. आजीला ते मिळत असेल तर तिच्या अर्जाबरोबर आजोबांचा नंबर आणि पलटण कुठेतरी नोंदलेली असणारच. बँकेच्या पासबुकापासून सुरुवात करा.

आणि माणूस जमादार किंवा सुभेदार झाला असेल तर काम फारच सोपं. 'इंडियन आर्मी लिस्ट' या छापील याद्यांत प्रत्येक पलटणीखाली हिंदी अधिकाऱ्यांची नावं तारखांसकट असत. त्यातल्या पुष्कळ याद्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने मोफत खुल्या केल्यात. शौर्यपदक मिळालं असेल तर 'लंडन गॅझेट'चे जुने अंकही फुकट चाळता येतात. शिपाई, नाईक, हवालदार मात्र आर्मी लिस्टमध्ये नाहीत.

पलटणीची रोजनिशी

प्रत्येक पलटणीचा एक अधिकारी युद्धात रोज 'वॉर डायरी' लिहायचा. पहिल्या युद्धाच्या या डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'डब्ल्यूओ ९५' या मालिकेत आहेत आणि बऱ्याच संगणकावर मिळतात. दुसऱ्या युद्धासाठी आफ्रिका-मध्यपूर्वेला १६९, इटलीला १७० आणि ब्रह्मदेशाला १७२ हे आकडे लक्षात ठेवा. तिथे पुतण्या-भाची कुणी शिकत असेल तर एक शनिवार मागून घ्या. वाचनालयाचं कार्ड काढलं की स्वतःच्या मोबाइलने पानांचे फोटो काढायला पैसे लागत नाहीत.

या डायरीत आपल्या माणसाचं नाव सापडेल या आशेने उघडलीत तर हिरमोड होईल. गोऱ्या अधिकाऱ्याला सर्दी झाली तरी नावानिशी नोंद, आणि आपले लोक 'आय.ओ.आर.', म्हणजे 'इंडियन अदर रँक्स', त्यांचा नुसता आकडा. '३ आय.ओ.आर. ठार, ११ जखमी.' त्या तिघांत आपला एक. मृत्यूची तारीख तुमच्याकडे असेल तर त्या तारखेचं पान काढा आणि आधीचे दहा दिवसही वाचा. कुठून कुठे चालले, पाऊस होता का, खंदकात पाणी किती होतं, रसद आली की नाही. माणूस नावाने सापडत नाही, पण त्याने पाहिलेला दिवस सापडतो.

आमच्या माणसाची पलटण कुटला अडकली होती. जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन १९१५मध्ये बगदादच्या दिशेने निघाली, टेसिफोनला मार खाऊन मागे फिरली आणि टायग्रिसच्या वळणावरच्या कुट-अल-अमारा गावात कोंडली गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने वेढा. शेवटी घोडे-खेचरं मारून खायची वेळ आली. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं, मूठभर जवावर काढले आणि स्कर्व्हीने हिरड्या सुजून पडले. शरण आलेल्या जवळजवळ १३ हजारांना तुर्कांनी वाळवंटातून चालवत नेलं. हिंदी कैद्यांपैकी कित्येकांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं.

तुमच्या घरात 'कैदेत होते' अशी आठवण असेल तर पहिल्या युद्धासाठी आधी कुट पाहा. दुसऱ्यासाठी तोब्रुक. २१ जून १९४२ला तोब्रुक पडलं तेव्हा २/५ महरट्टा तिथे होती आणि तिची माणसं इटलीच्या छावण्यांत गेली. आजोबांना मोडकंतोडकं इटालियन येत होतं असं कुणी सांगितलं तर हसू नका, विचारत राहा.

सापडल्यावर

कागद सापडला की त्याच दिवशी त्याचा फोटो काढा, आणि फाइलला 'आजोबा १' असं नाव देऊ नका. नंबर, नाव, पलटण, साल असं द्या. एक प्रत भावंडांकडे ठेवा. पदकं विकत घेणारे लोक गावोगाव फिरतात. त्यांना कडेवरचं नाव वाचता येतं आणि त्याची किंमतही कळते, म्हणून घरातल्या पोरांना ती आधी कळू दे.

गावात एक चक्कर मारा. भरती जास्त झालेल्या गावांत इंग्रज सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या. 'या गावातून इतके लोक १९१४-१९१९च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले' अशा मजकुराच्या. चावडी, शाळा, देवळाचा सभामंडप, कुठेही असू शकते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक 'मिलिटरी अपशिंगे'च म्हणतात. आमच्या गावची पाटी शाळेच्या भिंतीत आहे, तीन वेळा रंगारी तिच्यावरूनही ब्रश फिरवून गेलेले. ऑइलपेंट खरवडायला जाऊ नका, संगमरवराला ओरखडे जातात. कोमट पाणी, साधा साबण, लाकडी काडी आणि भरपूर वेळ. पाटीवरही नावं नसतात, नुसते आकडेच. पण तुमच्याकडे आता यादी आहे. कमिशनच्या यादीतून आपल्या गावची सगळी नावं काढा आणि शाळेला एक साधा छापील तक्ता करून द्या. आम्ही केला. एकूण ७ नावं निघाली. त्यातल्या दोन घरांना आपला कुणी गेला होता याचा पत्ताच नव्हता.

राहिली तिथी. मृत्यूची इंग्रजी तारीख मिळाली की जुन्या पंचांगावरून तिथी निघते. शंभर वर्षांपूर्वीची पंचांगं आता मोबाइलवरही पाहता येतात, आणि गावचे गुरुजी खात्री करून देतात. तिथी कळली की सर्वपित्रीवर अवलंबून राहायला नको, पितृपक्षात त्याच्या स्वतःच्या दिवशी, त्याच्या नावाने पान वाढता येतं. मी सगळं काढून, कागदावर नीट लिहून आत्याला दिलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं, नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहिलं आणि म्हणाली, 'नाव घेऊन वाढूया. पण दिवस नको बदलायला. शंभर वर्षं अमावास्येला येतोय, आता भलत्या दिवशी वाढलं तर यायचा आणि रिकामा परत जायचा.'